मोजले म्हणून कळले



गेल्या महिन्यात इंदूरहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांची कन्या पुण्यास शिकावयास असते. सुटीत ती घरी आली तेव्हा तिच्या सामानात रबरासारख्या मऊ पदार्थाची एक वाटोळी चकती मातोश्रींच्या दृष्टीस पडली. पाळीच्या दिवसांत घडी अथवा पॅड न घेता ही चकती आत बसवावयाची असते, असे कन्येने मोकळेपणी सांगितले. मातोश्री लिहितात, "मी तिला रागावले नाही; पण मनाला धास्ती लागून राहिली आहे. ही वस्तू म्हणजे काय, ती निर्धोक आहे काय, आणि अविवाहित मुलीने ती वापरावी काय, हे आपण कृपा करून लिहावे."

या प्रश्नांची उत्तरे केवळ पुस्तके चाळून देता आली असती. परंतु गेली दोन वर्षे मी स्वतः ही चकती वापरीत आहे, आणि तिच्यामुळे माझ्या प्रकृतीविषयी मला जे कळले ते सांगितल्यावाचून माझे उत्तर पुरे होणार नाही. विषय नाजूक आहे खरा. पण ज्या विषयापायी घरोघरीच्या स्त्रिया थकतात, तो घरोघरी वाचल्या जाणाऱ्या अंकात यावयास हरकत नसावी.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. इंग्रजीत तिला मेन्स्ट्रुअल डिस्क म्हणतात. आपण पाळीची चकती म्हणू. एक लवचीक कडे आणि त्या कड्याला खालून जोडलेली पातळ, उथळ पिशवी, अशी तिची घडण असते. एखादी खोलगट बशी डोळ्यांपुढे आणावी. काही चकत्या एकदा वापरून टाकून द्यावयाच्या असतात. वैद्यकीय प्रतीच्या सिलिकोनच्या चकत्या मात्र धुऊन, उकळून पुन्हा पुन्हा वापरता येतात. पाळीचा कप आता पुष्कळांच्या ऐकिवात आहे. तो घंटेच्या आकाराचा असून योनिमार्गात हवेच्या ओढीने चिकटून बसतो. चकती त्याहून आत, गर्भाशयाच्या मुखाखाली आडवी राहते. तिची मागची कड गर्भाशयमुखाच्या मागील खोबणीत टेकते. पुढची कड जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढे हाताला लागणाऱ्या हाडाच्या, आतील अंगास अडकते. पॅड आणि टॅम्पॉन स्राव शोषून घेतात. कप आणि चकती तो केवळ साठवितात. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

ती बसविण्याची रीत अशी. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. उकिडवे बसावे किंवा एक पाय स्टुलावर ठेवावा. कडेच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून चकती लांबट करावी, आणि सरळ वर न ढकलता मागे, माकडहाडाच्या रोखाने सरकवावी. ती पूर्ण आत गेली की पुढची कड बोटाने वर उचलून हाडामागे टेकवावी. नीट बसल्यावर तिची जाणीवही राहत नाही. काढताना त्याच कडेखाली बोट घालून ती आडवी धरूनच सावकाश बाहेर ओढावी. उत्पादक सामान्यतः बारा तासांची मर्यादा सांगतात. ती ओलांडू नये.

वाचावयास हे सोपे वाटते. मला मात्र पहिल्या महिन्यात ते मुळीच साधले नाही. सोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत होते. परभाषेतला मजकूर मराठीत आणणे हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे त्यातील प्रत्येक शब्दाचा मराठी प्रतिशब्द मला ठाऊक होता. ते अवयव माझ्या देहात नेमके कोठे आहेत, एवढे मात्र ठाऊक नव्हते! पुढची कड हाडामागे न जाता खालीच राहिली, आणि कचेरीतून घरी परतेपर्यंत साडी खराब झाली. काढतानाही घाई केल्यामुळे न्हाणीघराची फरशी धुवावी लागली. दुसऱ्या महिन्यात सुटीचा दिवस निवडला, घाई केली नाही, आणि वर सुरक्षिततेसाठी पातळ घडीही घेतली. तिसऱ्या महिन्यापासून मात्र हात बसला. म्हणून नवशिक्या भगिनींना माझे सांगणे आहे की, पहिला प्रयोग प्रवासात किंवा लग्नसमारंभात करू नये.

माझ्या सांगण्याचा खरा विषय येथून सुरू होतो. पॅड कागदात गुंडाळून टाकून देताना त्यात किती रक्त आहे हे आपण पाहत नाही. पाहिले तरी कळत नाही. चकतीतील स्राव डोळ्यांना दिसतो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी माझी चकती चार तासांतच भरून जाई. मनाशी काही शंका घेऊन मी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळालेले दहा मिलिलिटरचे जुने माप याच कामासाठी वेगळे काढले, आणि प्रत्येक वेळचा आकडा दिनदर्शिकेच्या मागे टिपू लागले. पाच दिवसांची बेरीज १९० मिलिलिटर झाली.

एका पाळीत साधारणतः तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जाते; ऐंशीहून अधिक गेल्यास तो अतिरक्तस्राव समजावा, अशी वैद्यकशास्त्रातील रूढ मर्यादा आहे. पाळीचा स्राव म्हणजे सगळेच रक्त नव्हे. गर्भाशयाचे अस्तर व इतर द्रव त्यात मिसळलेले असतात. म्हणून माझ्या मापाची त्या मर्यादेशी सरळ तुलना करता येत नव्हती. तरीही डॉक्टरांकडे जाण्यास तो आकडा पुरेसा होता.

कित्येक वर्षे जिना चढताना मला धाप लागत असे. दुपारी मुद्रिते तपासता तपासता मेजावर डोके टेकावेसे वाटे. आईजवळ बोलले तर ती म्हणे, "बायकांच्या जातीला हे चालायचेच. मलासुद्धा असेच जायचे." ती खोटे सांगत नव्हती. तिलाही खरोखरच तसेच जात असणार. पण ते किती, हे तिला कोणी विचारले नव्हते, आणि मोजण्याचे काही साधनही तिच्यापाशी नव्हते.

यापूर्वीही डॉक्टरांनी मला विचारले होते, "पाळी कशी येते?" त्यावर मी दर वेळी "नेहमीसारखी" असे उत्तर दिले होते. ते खरेच होते. माझे नेहमीचेच अधिक होते. या खेपेस मी आकड्यांचा कागद पुढे ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि रक्त तपासण्यास सांगितले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ हून कमी असल्यास रक्तक्षय मानतात. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ दिसली. ही गाठ कर्करोगाची नव्हे. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारी औषधे आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ वर आले. आता जिन्यावर मध्ये थांबावे लागत नाही.

हा अनुभव माझ्या एकटीपुरता नसावा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अपुरा आहार, जंत, जवळजवळची बाळंतपणे अशी त्याची अनेक कारणे आहेत. महिन्याच्या महिन्यास निमूटपणे जाणारे अधिक रक्त हेही त्यांतील एक होय. आणि पॅड मोजून या रक्ताचा हिशेब नीट लागत नाही. २०२३ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील संशोधकांनी पाळीच्या २१ उत्पादनांची क्षमता प्रत्यक्ष मानवी रक्तपेशी वापरून तपासली. वेष्टनावरील क्षमता व प्रत्यक्ष क्षमता यांचा अनेक ठिकाणी मेळ बसला नाही. सर्वांत अधिक रक्त चकतीत मावले, सरासरी ६१ मिलिलिटर. पाळीसाठी विकल्या जाणाऱ्या चड्डीत सर्वांत थोडे. तेव्हा "दिवसाला इतके पॅड लागतात" एवढ्यावरून फार निष्कर्ष काढू नये.

अधिक रक्त जाते असे कळल्यावर भिऊन भलत्या टोकास जाणेही बरे नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ साली उजेडात आले, आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतील कित्येकींची मूळ तक्रार अंगावरून अधिक जाणे किंवा पोट दुखणे एवढीच होती. अशा तक्रारींवर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन आहे, इतरही उपाय आहेत. "पिशवी काढून टाका" हा सल्ला मिळाल्यास कारण विचारावे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये.

आता मातोश्रींच्या प्रश्नांकडे वळू. चकती निर्धोक आहे काय? स्वच्छतेचे नियम पाळल्यास बहुतेक स्त्रियांना ती चालते. तथापि पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेत १९८० च्या सुमारास अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांत टॉक्सिक शॉक सिंड्रोम या घातक विकाराची साथ आली होती. आत ठेवण्याच्या इतर साधनांनीही तो क्वचित संभवतो. वापराच्या काळात एकाएकी जोराचा ताप, वांत्या, घेरी किंवा अंगावर पुरळ आल्यास चकती तत्काळ काढून डॉक्टरांकडे जावे. ज्यांनी तांबी बसविली आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कप वापरणाऱ्यांत तांबी निसटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, आणि चकती काढतानाही तांबीचा दोरा ओढला जाऊ शकतो. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असल्यासही सल्ला घ्यावा. आणखी एक: चकती गर्भनिरोधक नव्हे. दिसावयास ती डायफ्रॅमसारखी असली तरी तिच्यावर त्या बाबतीत विसंबू नये.

अविवाहित मुलीने ती वापरावी काय? शरीरशास्त्राच्या दृष्टीने अडचण नाही. योनिपटल हा एक लवचीक पडदा असून त्याची घडण प्रत्येकीची निराळी असते. खेळताना, सायकल चालवितानाही तो ताणला जातो. त्यावरून कोणाच्याही शीलाची परीक्षा होत नाही. मात्र मुलीची स्वतःची इच्छा असावी. तिला नको असल्यास पॅड आहेच. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळविलेली सुती घडीही उत्तम. जेथे पाण्याची किंवा आडोशाची सोय नाही तेथे चकतीचा आग्रह धरू नये.

या साधनांना आपल्या देशात कोणी हात लावणार नाही, असे मात्र समजू नये. केरळात २०१९ साली अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत पाच हजार कप विनामूल्य वाटण्यात आले. पुढे २०२२ च्या जानेवारीत एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून घोषित झाले. तेथे कपांबरोबर ते वापरण्याचे शिक्षणही देण्यात आले, हे विशेष. चकतीच्या बाबतीतही वस्तूइतकेच शिकविणाऱ्या व्यक्तीला महत्त्व आहे, हे मी पहिल्या महिन्यातच अनुभवले.

जिला चकती घ्यावयाची नाही तिलाही मोजता येईल. पाळी सात दिवसांहून अधिक लांबते काय, तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो काय, रात्री त्यासाठी उठावे लागते काय, मोठ्या गाठी पडतात काय, हे दोन-तीन महिने दिनदर्शिकेवर टिपावे. यांपैकी एकाचेही उत्तर होय असे आल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास ती अधिक गुणकारी ठरते.

इंदूरच्या भगिनी, आपण कन्येवर रागावला नाहीत, हे फार उत्तम केलेत. आता एक करावे. तिच्याजवळ बसून "तुला किती जाते?" असे विचारावे, आणि आपल्यालाही किती जात होते ते तिला सांगावे. माझ्या आईला मी हा प्रश्न गेल्या वर्षी प्रथमच विचारला. थोडा वेळ ती गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "फार जायचे गं. फार." दुसऱ्याच दिवशी मी तिला रक्त तपासावयास नेले. वय अडुसष्ट. हिमोग्लोबिन ९.८. पाळी जाऊन अठरा वर्षे झाली, तेव्हा आताचे कारण निराळे असणार; त्याचा शोध डॉक्टर घेत आहेत. पण तपासणी झाली ती या प्रश्नामुळे. आपल्या घरीही तो एकदा विचारला जावा.