स्वस्तातलं अंदमान कोणाच्या जिवावर?

अंदमानला इतक्या कमी पैशांत जाऊन आलो, असं छाती पुढे काढून सांगणाऱ्याला मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. उरलेले पैसे कोणी भरले? उत्तर मिळत नाही. त्याऐवजी यादी मिळते. विमानाचं तिकीट सहा महिने आधी धरलं, डॉर्मिटरीत बेड घेतला, सरकारी बोट पकडली, शहाळ्याला घासाघीस केली, दोन वेळा अंडा-भातावर काढलं. काही जण तर इथून रेल्वेने चेन्नई गाठतात आणि जहाजाच्या बंकमध्ये पडून अडीच-तीन दिवसांनी पोर्ट ब्लेअरला उतरतात. कष्ट घेतलेत, यात शंका नाही. पण कष्ट घेतले म्हणजे हिशोब चुकता झाला, असं होत नाही.

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गारखेड्यात हे खूळ आता चांगलंच रुजलंय. सूतगिरणी चौकातल्या चहाच्या टपरीवर, क्रीडा संकुलात सकाळी पळून झाल्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दिवाळीनंतर बेत शिजायला लागतात. चार मित्र, बाकी अनोळखी, सगळं टीटीएमएम. अंदमान झालं की बाली, बाली झालं की थायलंडची बेटं. तरुण पोरापोरींनी घराबाहेर पडावं, अनोळखी माणसांत राहावं, मिळेल ते खावं, समुद्र बघावा, याचा मला मनापासून आनंद आहे. मीही असाच अनोळखी लोकांबरोबर हिंडलोय. माझा राग फिरण्यावर नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून ‘बघा, मी किती काटकसरी’ म्हणण्यावर आहे.

सरकारी बोटीपासूनच सुरुवात करू, कारण सगळे स्वस्तवीर तिच्याच जिवावर उड्या मारतात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचं श्री विजयपुरम, तिथून स्वराज द्वीपला, जुन्या हॅवलॉकला, खासगी जलद बोटी जातात आणि सरकारीही जाते. खासगीला हजाराच्या वर मोजावे लागतात, सरकारीला पर्यटकालाही त्याच्या अंशाने. ही बोट स्वस्त आहे ती पर्यटकांना खूश करायला नाही. बेटावरच्या माणसाला दवाखाना, कोर्ट, कॉलेज, बाजार यांसाठी तोच रस्ता आहे. आपल्याकडे एसटी आहे, तशी तिथे ती बोट. स्वराज द्वीपच्या धक्क्यावर माझ्या खासगी बोटीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा सरकारी तिकिटाच्या खिडकीसमोर एक बाई उभी होती. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, पाण्याने भिजू नये म्हणून दुधाच्या पिशव्या फाडून त्यात गुंडाळलेलं. सोबत म्हातारी सासू, बाकावर आडवी. तिकिटं संपली होती. ‘कल जाने से नहीं होगा दादा, डॉक्टर आज ही बैठता है,’ असं ती खिडकीतल्या माणसाला परत परत सांगत होती. तिच्यामागे मोठमोठ्या सॅका जमिनीवर टेकवून एक मराठी गट तिकिटं मोजत उभा होता. त्यांच्यातल्या म्होरक्याला मी म्हटलं, दोन जागा यांना सोडा, तुम्ही खासगीने या. तो म्हणाला, ‘काका, आम्ही पहाटे चारला उठून रांग लावलीय.’

पहाटे उठल्याने त्या जागेवर त्याचा हक्क झाला, हे त्याला मनापासून वाटत होतं. त्या बाईला जी. बी. पंत हॉस्पिटल गाठायचं होतं, कारण अंदमानात मोठं सरकारी रुग्णालय तेच. याला पुढच्या बीचवर मावळतीच्या आत पोचायचं होतं. त्याचे हजारेक रुपये वाचले आणि तिचा दिवस गेला. मला विचाराल तर ही बचत नाही, ही उचलेगिरी आहे. कायद्यात बसणारी उचलेगिरी.

तीच गत घासाघिशीची. स्वराज द्वीपवर राहणारे बहुतेक लोक कोण? पूर्व बंगालातून उखडून आलेल्या निर्वासितांना 1950 च्या दशकात सरकारने तिथे जमिनी देऊन वसवलं, त्यांची मुलं-नातवंडं. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर ही गावं त्यांनी जंगल तोडून उभी केली. पोर्ट ब्लेअरमधली कित्येक घरं तर काळ्या पाण्याच्या कैद्यांच्या वंशजांची. 1942 मध्ये जपान्यांनी बेटं घेतली त्याच्याही आधीपासून राहिलेल्या अशा घरांना तिथे आजही ‘प्री-फॉर्टीटू’ म्हणूनच ओळखतात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर मराठी माणूस हात जोडतो, डोळे पुसतो. जोडावेतच. 1911 ते 1921 अशी वर्षं त्या माणसाने तिथे काढली, कोलू ओढला. पण त्याच दुपारी हाच मराठी माणूस कुठल्याशा कैद्याच्या पणतूच्या गाड्यावर दहा रुपयांसाठी आवाज चढवतो, तेव्हा ते जोडलेले हात मला खोटे वाटतात.

आणि तो दर काही मनाचा लावलेला नसतो. चेन्नई तिथून हजार-बाराशे किलोमीटर लांब, कोलकाताही तितकंच. कांदा, डाळ, सिमेंट, औषधं, गॅसची टाकी, जवळपास सगळं जहाजाने येतं. वीजसुद्धा बहुतांशी डिझेल जाळून होते आणि ते डिझेलही जहाजानेच येतं. शहीद द्वीप, पूर्वीचं नील, भाजीपाल्यासाठी नावाजलेलं आहे, पण एका छोट्या बेटाच्या वाफ्यांवर सगळ्या हॉटेलांची पोटं भरत नाहीत. म्हणजे ताटातल्या कांद्याने समुद्र ओलांडलाय. तो गारखेड्याच्या भाजीबाजारातल्या भावाने का मिळावा? ‘लोकल लोकांना तुम्ही कमी भावात देता,’ असं भांडणारे मी ऐकलेत. द्यायलाच हवं. ते रोजचे आहेत, तुम्ही दोन दिवसांचे.

पाण्याबद्दल मात्र मला आपल्याच लोकांचा खरा संताप येतो, कारण निदान आपण तरी शहाणं असायला हवं होतं. पैठणचं जायकवाडी भरून सांडव्यावरून वाहत असलं तरी आमच्या नळाला वर्षानुवर्षं पाच-सहा, कधी आठ दिवसांआड पाणी आलंय. 2020 साली नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, खर्चाचा आकडा फुगत गेला, वाट बघणं चालूच राहिलं. गारखेड्यातल्या लहान पोरालाही पाण्याचा दिवस कळतो. हौद, वरची टाकी, ड्रम, हंडे, शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. पाहुणे येणार असले तर टँकर आधी सांगायचा. कपडे धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडांना. अशा घरात वाढलेला पोरगा बेटावरच्या हॉस्टेलात शॉवरखाली अर्धा तास उभा राहतो आणि पाणी बारीक झालं की काउंटरवर जाऊन भांडतो. हे मी बघितलंय. लाज वाटली.

अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या सातशेच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे माणूस फसतो. डोंगर उभे, बेट अरुंद, पडलेलं पाणी तासाभरात समुद्रात. पोर्ट ब्लेअरचा भरवसा मुख्यतः धनीखाडीच्या एका धरणावर. फेब्रुवारीपासून ते उतरायला लागलं की शहरात दिवसाआड, कधी त्याहून लांबणीवर पाणी जातं. आणि सॅकवाल्यांचा हंगाम नेमका तेव्हाच, समुद्र शांत असतो म्हणून. लक्षद्वीपचं तर आणखी नाजूक. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले आणि रातोरात सगळ्यांना लक्षद्वीप हवंहवंसं झालं. ती बेटं पोवळ्यांची. सगळी मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर, माणसं साधारण 65 हजार. तिथे नदी नाही, ओढा नाही. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहिरीतून बेताने काढलं तर वर्षभर पुरतं. हावरटासारखं उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि मग ती विहीर घरमालकाची राहत नाही. कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प बसवावा लागला, रोजचं एक लाख लिटर. तिथे परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून आपली मंडळी सरकारच्या नावाने खडे फोडतात. मी म्हणतो, परवाना आहे म्हणूनच त्या विहिरी अजून गोड्या आहेत.

दार उघडं टाकलं की काय होतं ते जगाने बघून झालंय. फिलिपिन्सने 2018 मध्ये बोराकाय हे अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं, कारण घाण थेट समुद्रात जात होती. थायलंडला त्याच वर्षी माया बे बंद करावी लागली, ती उघडली 2022 च्या जानेवारीत. पोवळी मेली होती.

आता जारवांच्या रस्त्याकडे येतो, आणि इथे मला कुठलीही सबब ऐकायची नाही. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या म्हणून अंदमान ट्रंक रोडने जाणं स्वस्त पडतं. हा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. शेकड्यांत मोजता येईल इतकीच ही जमात उरली आहे आणि बाहेरच्या माणसांशी तिचा सलोख्याचा संबंध येऊन तीन दशकंही झालेली नाहीत. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलातला तो भाग बंद करायला सांगितला होता. रस्ता चालूच राहिला. 2012 मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचवतानाची चित्रफीत जगभर पोचली, तेव्हा देशाची मान खाली गेली. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांचा ताफा लावतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही असं बजावतात. आणि परत आल्यावर आपली पोरं टपरीवर काय विचारतात? ‘तुला दिसले का?’ गुहांचं नाव कोणी काढत नाही. माणसं बघायला माणसं जातात. अशा माणसाला मी प्रवासी म्हणायला तयार नाही.

2018 च्या नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण उत्तर सेंटिनल बेटावर गेला आणि सेंटिनली लोकांच्या बाणांनी मारला गेला. बातम्या त्याच्या मरणाच्या झाल्या. त्याला तिथवर नेणाऱ्या मच्छीमारांना त्याने 25 हजार रुपये दिल्याचं पोलिसांनी सांगितलं. अटक त्या मच्छीमारांना झाली. बाहेरून येणाऱ्याच्या साहसाचं बिल बेटावरच्या गरिबाच्या नावावर कसं फाटतं, ते इथे उघड दिसतं.

‘मग गरिबाने फिरूच नये का?’ असं मला चिडून विचारतात. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा माझ्यापेक्षा महागडा फोन असतो, पण प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. फिरावं. आपल्या महाराष्ट्रात खिशात दमडी नसलेला सगळ्यांत मोठा भटक्या होऊन गेला, गाडगेबाबा. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, गटारी साफ करायचे, मगच भाकरी. काम केल्याशिवाय घास घेतला नाही त्या माणसाने. पैसा नसणं आणि फुकटेपणा यांत किती अंतर आहे, ते मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागू नये. पैसे कमी असतील तर पाच बेटांऐवजी एकच बघा. तिथेच आठवडा राहा, एकाच खानावळीत जेवा, सांगितलेला दर द्या, बादलीने आंघोळ करा, आपला कचरा सॅकमध्ये भरून परत आणा. तेवढेही जमत नसतील तर वर्षभर थांबा आणि साठवा. अंदमान कुठे पळून जात नाही. ज्याला बेट खरंच आवडतं, त्याला हे सांगावं लागत नाही. ज्याला फक्त आकडा मिरवायचाय, त्याला हे जड जातं.

राहिले हे गट जमवणारे. अनोळखी बारा-पंधरा जणांकडून आगाऊ पैसे घ्यायचे, स्वतःचं जाणं-येणं त्यांच्या वर्गणीतून काढायचं, आणि हाती ना नोंदणी ना विमा. कोणी आजारी पडलं तर कोण थांबणार, हे ठरलेलं नसतं. मुलीच्या आईने फोन केला तर कोण उचलणार, तेही नाही. जिथे दर सगळ्यांत कमी, तिथेच हे समुद्रात उतरवणार. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतरही आमच्याकडचे म्होरके बोटवाल्याशी माणशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतात. बोटवाल्याने शंभर सोडले की तो ते कुठून भरून काढतो? चार माणसं जास्त चढवून. जुनी जॅकेटं अजून एक हंगाम वापरून. इंजिनाचं काम पुढच्या महिन्यावर ढकलून. हे न कळण्याइतके हे म्होरके भाबडे नाहीत.

या हिवाळ्याच्या सहली जाहीर होतील, तेव्हा गारखेड्यातल्या आई-बापांनी पैसे भरण्याआधी त्यांना समोर बसवावं आणि लेखी घ्यावं. सरकारी बोटीत बेटावरच्या माणसाची जागा अडवणार नाही, जारवांच्या रस्त्याने नेणार नाही, बोटीवर माणशी एक जॅकेट, आणि काही झालं तर जबाबदार मी, खाली नाव आणि सही. जो सही करणार नाही, त्याच्या हवाली पोरगं करू नका.