विश्लेषण : भारतीय फुटबॉलची दुसरी पायरी एवढी डळमळीत का? पहूरच्या मुलांचा तिच्याशी संबंध काय?

आय-लीगच्या २०२४-२५ च्या हंगामाचा विजेता मैदानावर ठरला नाही. तो ठरवायला स्वित्झर्लंडमधल्या लवादापर्यंत जावे लागले. त्या बारा संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

शेवटच्या दिवशी काय घडले?

६ एप्रिल २०२५. देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगचा अखेरचा दिवस. श्रीनगर, कोळिकोड आणि पश्चिम बंगालमधले कल्याणी या तीन मैदानांवर एकाच वेळी विजेतेपदाची लढत सुरू होती. श्रीनगरला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने रिअल काश्मीरशी १-१ अशी बरोबरी केली. कोळिकोडला गोकुलम केरळ सुरुवातीला आघाडीवर होता, पण गोव्याच्याच डेम्पोने त्याला ४-३ असे हरवून शर्यतीतून बाहेर काढले. कल्याणीत इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ ने नमवले. प्रत्येकी २२ सामन्यांनंतर तक्ता असा होता : चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९.

तरीही त्या रात्री विजेता जाहीर झाला नाही. जानेवारीत नामधारी संघाने इंटर काशीला हरवले होते. त्या सामन्यात नामधारीने उतरवलेला एक खेळाडू पिवळ्या कार्डांमुळे निलंबित असायला हवा होता, अशी काशीची तक्रार होती. महासंघाच्या शिस्तपालन समितीने ती मान्य करून सामना ३-० असा काशीला दिला. अपील समितीने एप्रिलमध्ये तो निर्णय फिरवला आणि चर्चिल विजेता ठरला. त्याच महिन्यात त्यांना चषकही देण्यात आला. काशीने क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. १८ जुलै २०२५ रोजी लवादाने इंटर काशीला विजेता घोषित करण्याचा आदेश दिला. शेवटचा चेंडू मारून साडेतीन महिने होत आले होते.

हा घोळ पिवळ्या कार्डांच्या मोजणीतून झाला. ही मोजणी मोबाइलवरच्या साध्या तक्त्यातही ठेवता येते.

दुसऱ्या श्रेणीला एवढे महत्त्व का?

पहूरच्या वाचकाला हे ‘पीजे’च्या उदाहरणाने चटकन समजेल. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबण्यापूर्वी पहूरहून पाचोऱ्यापर्यंत नेऊन सोडायची. पुढे मुंबईला जायचे तर उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. डबा तोच ठेवून पुढे जाता येत नसे, कारण रुळांची रुंदीच वेगळी होती. २०१४ ते २०२२ या काळात आय-लीग आणि इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल यांचे नाते असेच होते. आय-लीग जिंकली तरी गुणांच्या जोरावर आयएसएलमध्ये जाण्याची सोय नव्हती. बंगळूरु एफसी गेला, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल गेले, पण ते बोली लावून, विलीनीकरण करून किंवा गुंतवणूकदार आणून.

आशियाई महासंघाने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यानुसार २०२२-२३ पासून हे रूळ जोडले गेले. त्या मोसमात राउंडग्लास पंजाब हा खेळाच्या जोरावर वर जाणारा पहिला संघ ठरला. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग गेला. म्हणजे २०२४-२५ च्या विजेत्याला चषकासोबत वरच्या गाडीचे तिकीटही मिळणार होते. एका निलंबित खेळाडूवरून क्लब लवादापर्यंत गेले, त्याचे कारण हे तिकीट.

आता २०२४-२५ मधली शिडीची रचना पाहू. सर्वात वर आयएसएल. तिच्याखाली आय-लीग. तिसऱ्या स्तरावर ‘आय-लीग २’ आणि चौथ्यावर ‘आय-लीग ३’. दुसरी श्रेणी म्हणजे आय-लीग आणि ‘आय-लीग २’ म्हणजे तिसरी श्रेणी, हे नाव ठेवणाऱ्याने वाचकाचा विचार केलेला दिसत नाही. त्याहीखाली राज्यांच्या लीग येतात.

या शिडीत आणखी एक गोम आहे. इंटर काशी आणि नामधारी हे दोघेही २०२३ मध्ये थेट प्रवेशाने दुसऱ्या श्रेणीत आले. खालून चढून आले नाहीत. काशीचे नाव लावणारा संघ त्या मोसमात आपले घरचे सामने वाराणसीत नव्हे, तर कल्याणीत खेळला. याउलट डेम्पो पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. २०१५ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी तिथे जिंकून वर आला, आणि तेवढ्यात रूळ जोडलेले नाहीत म्हणून राष्ट्रीय लीगमधूनच बाहेर पडला. नंतर ‘आय-लीग २’मध्ये दुसरा येऊन तो २०२४-२५ ला परतला. विजेतेपद काशीला मिळाले असले तरी शिडी खऱ्या अर्थाने चढला तो डेम्पो.

महाराष्ट्राचे संघ कुठे गेले?

ही यादी वाचायला बरी वाटत नाही. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला, आल्या आल्या पहिल्याच मोसमात तिसरा राहिला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. पुण्यातलाच भारत एफसी एक मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन मोसम. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोहोचला, २०२३ मध्ये खाली घसरला, आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत मराठी मुलखाचा झेंडा गोव्याच्याच हाती आहे.

यातली सर्वात बोलकी गोष्ट मुंबई एफसीची. खालिद जमील यांनी या संघाला सात वर्षे प्रशिक्षण दिले. मोठा पैसा नसताना दर वर्षी घसरणीच्या तोंडातून बाहेर काढले. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या मोसमात घसरला होता आणि गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. २०१६-१७ मध्ये जमील यांनी त्याच ऐझॉलला आय-लीगचे विजेते केले. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला आणि खाली घसरला. ऐझॉल आजही आहे. मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीत एकही सामना न खेळता इतिहासजमा झाला. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

इथे ‘महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षक नाहीत’ असे उत्तर तयार असते. ते अर्धेच खरे आहे. यातले बरेचसे क्लब मैदानावर हरून बंद झालेले नाहीत. मालक समूहाला खर्च परवडेनासा झाला, किंवा वर जाण्याची वाट दिसेना म्हणून ते बंद झाले. एका उद्योगसमूहाच्या ताळेबंदात क्लब ही एक ओळ असते आणि ती खोडायला एक बैठक पुरते. पहिल्या श्रेणीतही हे घडते. मुंबई सिटीतली बहुसंख्य मालकी २०१९ पासून परदेशी सिटी फुटबॉल समूहाकडे होती. संघाने आयएसएल जिंकली, तरी डिसेंबर २०२५ मध्ये समूहाने काढता पाय घेतला.

स्वीडनमध्ये घसरलेला क्लब मरत का नाही?

तुलनेसाठी युरोपातल्या श्रीमंत लीगकडे जाण्यात अर्थ नाही. स्वीडनची दुसरी श्रेणी जास्त उपयोगाची आहे. तिचे नाव सुपरएत्तान. २००० मध्ये सुरू झाली. १६ संघ, प्रत्येकी ३० सामने. पहिले दोन थेट वर जातात आणि तिसरा संघ वरच्या श्रेणीतल्या चौदाव्याशी दोन सामने खेळून आपले नशीब आजमावतो. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात म्हणून मोसम वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरात संपतो. बाकी युरोप काय करतो याची ते फारशी पर्वा करत नाहीत.

तिथला मुख्य नियम मालकीचा. क्लबमध्ये कंपनी पैसे घालू शकते, पण मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहते. म्हणजे कोणी एक माणूस किंवा कंपनी एका बैठकीत क्लबला कुलूप लावू शकत नाही. स्टॉकहोमचा हामारबी २००९ मध्ये घसरला आणि पाच मोसम दुसऱ्या श्रेणीत अडकला. प्रेक्षक पळून गेले का? २०१४ च्या शेवटच्या मोसमात घरच्या सामन्यांना सरासरी वीस हजारांच्या आसपास लोक येत होते. दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांना!

हामारबी राजधानीतला क्लब आहे, असे कोणी म्हणेल. मग म्येल्बी पाहा. हा क्लब हेल्लेविक नावाच्या मच्छीमारांच्या गावातला. वस्ती जेमतेम हजार-दीड हजार. पहूर पेठ आणि पहूर कसबे मिळून त्यापेक्षा कितीतरी मोठे गाव आहे. म्येल्बी २०१४ मध्ये वरच्या श्रेणीतून घसरला, पाठोपाठ दुसऱ्यातूनही तिसऱ्यात गेला. पैशांची ओढाताण इतकी की क्लब टिकतो की नाही अशी स्थिती. तिथून २०१८ मध्ये वर, २०१९ मध्ये सुपरएत्तानचे विजेते, २०२० पासून पहिल्या श्रेणीत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तीन सामने शिल्लक असताना हा संघ स्वीडनचा विजेता ठरला. प्रशिक्षक आंदेर्स टॉर्स्टेन्सन एकेकाळी शाळेचे मुख्याध्यापक होते.

स्वीडनचा पैसा, सरकारी मैदाने, शंभर वर्षांच्या क्रीडासंस्था आपल्याकडे नाहीत, हे मान्य. पण सभासदांचा क्लब ही कल्पना काही परकी नाही. कोल्हापुरात ती चालत्या-बोलत्या रूपात आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये गट आहेत, वरिष्ठ गटातून घसरणारा संघ खालच्या गटात खेळतो आणि परत चढायला धडपडतो. संघ घसरला म्हणून पेठ गाव सोडून जात नाही. शाहू स्टेडियम भरते. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी या फुटबॉलला बट्टा लावला हेही खरे, आणि त्यावर पडदा टाकू नये. तरी उद्योगसमूहांचे संघ एकामागून एक संपले आणि तालमींचे संघ उरले, हा योगायोग नाही.

कोल्हापूरची अडचण दुसरी. राष्ट्रीय श्रेणीचा परवाना घ्यायला पगारी प्रशिक्षक, युवा संघ, हिशेब तपासणी आणि देशभर प्रवासाचा खर्च लागतो. तालमीला तो झेपत नाही. म्हणून पेठेत हजारो लोक असलेला संघ शिडीबाहेर, आणि घरच्या मैदानाविना असलेला संघ शिडीवर.

मग पहूरचे काय?

पहूर, शेंदुर्णी किंवा जामनेरच्या शाळेतल्या मुलाला मिळणारे स्पर्धात्मक फुटबॉल बहुतेक बाद पद्धतीचे असते. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, मग राज्य. यातला हिशेब सोपा आहे. १६ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण १५ सामने होतात आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेच १६ संघ एकदा एकमेकांशी लीग पद्धतीने खेळले तर १२० सामने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १५ येतात. स्वीडनसारखे दोनदा खेळले तर ३०. एका चुकीच्या पेनल्टीवर वर्ष संपलेल्या मुलात आणि तीस सामने खेळलेल्या मुलात फरक पडणारच. पाय दोघांचेही सारखेच होते.

बाद स्पर्धा आयोजकाला सोयीची असते. तीन दिवसांत आटोपते, मंडप एकदाच घालावा लागतो, बक्षीस वाटपाला पाहुणे येतात, फोटो छापून येतो. लीगला महिनोन्‌महिने पंच, मैदान आणि नोंदवही लागते, आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारच्या सामन्याला कोणताही पाहुणा येत नाही. जिल्ह्याच्या फुटबॉलचे खरे दुखणे इथे आहे. त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याची गरज नाही.

आठ संघांची लीग उभी करायला काय लागेल? एकेरी फेरीत २८ सामने. दर शनिवार-रविवारी दोन-दोन सामने ठेवले तर सात आठवडे. खान्देशात मार्चनंतर दुपारी मैदानावर उभे राहवत नाही आणि दिवाळीपूर्वी कपाशीची वेचणी सोडून मुले येणार नाहीत. त्यामुळे डिसेंबर-जानेवारी हाच मोसम. स्वीडनने बर्फ पाहून वेळापत्रक ठरवले, इथे ऊन आणि कापूस पाहून ठरवावे. घरचा आणि बाहेरचा सामना असावा, म्हणजे शेंदुर्णीचा संघ पहूरला येईल आणि पहूरची माणसे कुणाच्या तरी बाजूने ओरडतील. दुसऱ्या वर्षी आणखी आठ संघ आले की दुसरा गट, आणि शेवटच्या दोघांची अदलाबदल. पिवळ्या कार्डांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी.

सध्या वर काय चालले आहे?

इंटर काशीला मिळालेले तिकीट काही काळ कुचकामी ठरण्याच्या बेतात होते. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. जुलैमध्ये, काशी विजेता ठरण्याच्या आठवडाभर आधी, कंपनीने नवा हंगाम थांबवल्याचे कळवले. निविदा काढली तर बोली आली नाही. खेळाडूंचे पगार अडकले, सराव बंद पडले. अखेर सरकारच्या मध्यस्थीनंतर १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ संघांची लांबलेली, आखूड केलेली लीग सुरू झाली आणि त्यात काशीला जागा मिळाली. आय-लीगचे क्लब या सगळ्या काळात वरच्या मजल्यावरचा वाद मिटण्याची वाट पाहत होते.