राखण

वन्य जीवांचे रक्षण करणे हे कोणाचे काम? हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे बोट वनखात्याकडे वळते. कायदा शासनाने केला, अभयारण्यांच्या सीमा शासनाने आखल्या. तेव्हा राखणही शासनानेच करावी, असा हा सरळ हिशोब असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुष्कळ काही साधले, हे निर्विवाद आहे. परंतु कायद्याला पाय नसतात. पहाटेच्या अंधारात किनारा तुडवावा लागतो, तो माणसालाच. तो माणूस त्याच गावचा असेल तर राखण टिकते. म्हणूनच बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांचे खरे यश गावकऱ्यांना राखणदार म्हणून उभे करण्यात आहे, असे मला वाटते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर त्या हजारोंच्या संख्येने येतात. कोकणात मात्र एकेकट्या येतात. मादी वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुढे त्या अंड्यांना कोणी वाली नसतो. कुत्री आणि कोल्हे ती उकरून खात. माणसेही खाण्यासाठी व विकण्यासाठी ती घेऊन जात.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांना २००२ मध्ये या प्रकाराची कल्पना आली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली. वनखात्याचे आणि ग्रामपंचायतीचे सहकार्य मिळवले आणि गावातीलच माणसांना या कामात घेतले. रात्री-पहाटे वाळूवरील मादीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी न हिंदकळता अलगद उचलायची, जाळीच्या कुंपणातील तेवढ्याच खोल खड्ड्यात ती पुरायची आणि वहीत तारीख व संख्या नोंदवायची. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. तेव्हा त्यांना समुद्राजवळच्या वाळूवर सोडायचे. काम दिसायला साधे, पण ते हंगामभर एकही दिवस न चुकता करावे लागते.

येथेच आपल्या समाजातील एका उणिवेकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण आरंभशूर आहोत. पर्यावरण दिनी झाडे लावतो, छायाचित्रे काढतो आणि चैत्रात ती झाडे पाण्यावाचून वाळतात, तेव्हा तिकडे फिरकत नाही. एखाद्या रविवारी तलावाकाठचा कचरा उचलणे वाईट नाही. त्यातून निदान जाणीव तरी निर्माण होते. परंतु सोमवारी तेथे कोण असणार, याचे उत्तर ज्या उपक्रमापाशी नाही, तो उपक्रम केवळ समारंभ ठरतो.

दुसरा मुद्दा पोटाचा आहे. ज्याच्या घरी चार पैसे येत होते, त्याला ‘हे पाप आहे’ असे सांगून भागत नाही. वेळासमध्ये २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लांना समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी पाहुणे येऊ लागले, ते गावातील घरांतूनच राहू-जेवू लागले. कासव जगले तर गावातील चूल पेटते, हे नाते एकदा जुळले की उपदेशाची गरज उरत नाही. अर्थात पाहुण्यांनीही मर्यादा पाळली पाहिजे. नुकतीच जन्मलेली पिल्ले समुद्राच्या उजेडाच्या दिशेने सरकतात. विजेरीच्या झोताने त्यांची वाट चुकते. ज्यांना पाहायला आलो, त्यांनाच आपली गर्दी बाधू नये.

कोणी म्हणेल, कासव निरुपद्रवी; त्याच्यासाठी गाव सहज तयार होईल. पण जो प्राणी माणसाला नकोसा वाटतो, त्याचे काय? याचे उत्तर आसामात मिळते. कामरूप जिल्ह्यातील दादरा व आसपासच्या गावांत हरगिला हा करकोच्याच्या कुळातील भला थोरला पक्षी घरांजवळच्या झाडांवर घरटी करतो. ही झाडे कोणत्याही अभयारण्यात नाहीत; ती खाजगी मालकीची आहेत. या पक्ष्याच्या घरट्यातून अंगणात सडके मांस पडते, दुर्गंधी सुटते. त्यामुळे लोक त्याला अपशकुनी मानत आणि झाडेच तोडत. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक स्त्रीने गावातील महिलांना एकत्र केले. हातमागावरील वस्त्रांत हरगिल्याची नक्षी आली, त्यातून मिळकत होऊ लागली. आपल्याकडील डोहाळजेवणासारखा सोहळाही या पक्ष्यासाठी होऊ लागला. पुढे या कामात दहा हजारांहून अधिक महिला सहभागी झाल्या. २८ घरटी होती, ती अडीचशेच्या पुढे गेली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांचा गौरव केला. त्या गौरवात अंगण झाडून पुन्हा झाडाकडे मायेने पाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा वाटा आहे.

या दोन्ही गावांतील राखणदारांपैकी बहुतेकांनी प्राणिशास्त्राची पुस्तके अभ्यासलेली नाहीत. त्यांच्यापाशी आहे ती नजर, चिकाटी आणि नोंद ठेवण्याची शिस्त. वनखात्याला विश्वासात घेऊन, जाणकारांकडून शिकून, असे काम कोणालाही करता येते. गाव करील ते राव काय करील, असे आपले पूर्वज म्हणत. आपल्या गावाजवळही एखादा पाणवठा असेल, वटवाघळांचा एखादा वड असेल, देवराई असेल. तेथे जाऊन आधी केवळ पाहा आणि वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशीही जा. राखणीचा आरंभ त्या दुसऱ्या दिवसापासून होतो.