हार तसबिरीला, तिलांजली तत्त्वाला

बॅ. नाथ पै यांचे नाव घेताना आज कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याची जीभ अडखळत नाही. हयातीत ज्यांनी त्यांना निवडणुकीत विरोध केला, त्यांचे वारसही तसबिरीला हार घालून मोकळे होतात. मरणानंतर माणूस सर्वांचा होतो. त्याचे तत्त्व मात्र कोणाचेच उरत नाही.

वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेल्या, बेळगावात वाढलेल्या आणि बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग भोगलेल्या या समाजवादी नेत्याला तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर मतदारसंघाने १९५७, १९६२ व १९६७ असे तीनदा लोकसभेत पाठविले. घाटावरचा सीमाप्रश्न कोकणच्या मतदाराने परका मानला नाही. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करून नाथ पै परतले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

ज्या प्रश्नासाठी ते अखेरपर्यंत झिजले, त्याचे सत्ताधाऱ्यांनी काय केले? १९५६ नंतरची अनेक वर्षे दिल्ली, मुंबई व बंगलोर या तिन्ही ठिकाणी काँग्रेसचेच राज्य होते. एका पक्षाच्या बैठकीत सुटू शकणारा प्रश्न १९६६ साली महाजन आयोगाच्या गळ्यात बांधण्यात आला. १९६७ साली अहवाल आला, बेळगाव म्हैसूर राज्यातच राहिले आणि महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तेव्हा लोकनियुक्त महापालिकाच बरखास्त झाली. लोकेच्छा व्यक्त करणे हाच जेथे गुन्हा ठरतो, तेथे लोकशाहीची भाषा कोणी कोणाला शिकवावी?

परंतु बोट केवळ कर्नाटकाकडे दाखवून भागणार नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राच्या मागणीची चतुःसूत्री आहे. ती खरी असेल तर अक्कलकोटच्या आणि जतच्या कन्नड भाषक खेड्यांनाही लागू झाली पाहिजे. २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईत संतापाचा लोळ उठला. पाण्यासाठी वर्षानुवर्षे टाहो फोडणाऱ्या त्या गावांची आठवण मात्र त्यापूर्वी किती जणांना झाली होती? त्याच डिसेंबरात विधिमंडळाने ८६५ गावांच्या इंच इंच भूमीचा ठराव एकमताने केला. भूमी इंचांनी मोजणाऱ्यांना त्या भूमीवरची माणसे दिसत नाहीत, हेच या अस्मितेच्या राजकारणाचे खरे स्वरूप आहे.

सीमाभागातील मराठी चळवळही गटबाजीने पोखरली गेली. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीला एकही जागा मिळाली नाही. मराठी शेतकऱ्याचा आणि कामगाराचा रोजचा प्रश्न सोडून केवळ भावनेवर लढा चालत नाही, हा त्याचा धडा आहे.

मराठी आणि कन्नड श्रमिकांत वैर पेटवून सीमा हलत नाही. हलते ती फक्त पुढाऱ्यांची खुर्ची. नाथ पैंचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच एकच कसोटी लावावी: जो न्याय बेळगावला मागायचा, तोच जतला देण्याची तयारी आहे काय? ती नसेल, तर तसबिरीवरचे हार उतरवून ठेवावेत.