माथ्याचे शेत आणि पायथ्याचे शेत

दख्खनच्या पठारावरील एखाद्या अवर्षणग्रस्त गावाचे शिवार पाहावयाचे असेल, तर टेकडीच्या माथ्यावरून ते पाहत पाहत खाली यावे. माथ्यावर उघडा खडक आणि वीतभर मुरूम. तेथे कुसळी गवताखेरीज फारसे काही तग धरीत नाही. थोडे खाली उतरले की हलकी, करडी जमीन लागते. तीत बाजरी, हुलगा, मटकी पिकते. ओढ्याकाठी मात्र पुरुषभर खोल काळी जमीन असते, आणि गावातील बहुतेक विहिरीही तेथेच असतात. या तिन्ही जमिनी एकाच काळ्या पाषाणापासून झालेल्या आहेत. एकीच्या वाट्यास वीत आणि दुसरीच्या वाट्यास पुरुषभर खोली आली, ती वाटणी वाहत्या पाण्याने केली.

गवत आणि झुडपे होती तोवर ही वाटणी फार संथपणे चालत असे. उतारावर नांगर फिरला, जनावरांनी माळ खरवडला, आणि तिचा वेग वाढला. उघड्या ढेकळावर टपोरा थेंब आदळला की ढेकूळ फुटते. त्यातील बारीक कण मातीची छिद्रे बुजवितात. मग पाणी आत मुरावयाचे सोडून उतार धरते. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी पडले. त्यातील निम्मे जरी वाहिले तरी ते रिकाम्या हाताने जात नाही. प्रथम ते मातीचा पातळ थर सर्वत्र सारखा उचलते. म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ओघळ पडते तेव्हा डोळे उघडतात, आणि ओघळीची घळ होते तेव्हा शेताचे दोन तुकडे झालेले असतात.

हे नुकसान केवळ कसाचे नव्हे. सोलापूर-मंगळवेढ्याकडील शाळू पाहा. पावसाळा संपता संपता त्याची पेरणी होते, आणि पुढे पावसाने पाठ फिरविली तरी खोल मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर तो कणसास येतो. माती हा त्याचा रांजण होय. खत घालून कस परत आणता येईल. रांजणच उथळ झाला तर तो कोणत्या बाजारात मिळणार? पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, असे आपण वारंवार ऐकतो. त्यात तथ्य आहे. मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आहेत, हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. परंतु भांडे उथळ झाले, हे सहसा कोणी बोलत नाही.

उपाय ठाऊक नव्हते असे नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने लष्करातील व पोलिसांतील माणसे लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यास मिळेल, असे सुचविले होते. पुढे १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि समतल बांध घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. तथापि पुष्कळ शेतकऱ्यांनी ते बांध मोडून टाकले. त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. समतल रेषा सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. बांध शेतातून तिरपा जातो, औत वळविण्यास अडचण होते, आणि खोल काळ्या जमिनीत बांधाशी तुंबलेल्या पाण्याने पीक पिवळे पडते.

याहून मोठे एक कारण आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. वरचा शेतकरी बांधासाठी जागा देतो, उताराला आडवी नांगरट करतो. माळावरची चराई बंद झाली की शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याचे गवत जाते. पाणी मात्र पाझरून पायथ्याच्या विहिरीत साठते. कष्ट माथ्याचे आणि ऊस पायथ्याचा, अशी व्यवस्था असेल तर माथ्याने बांध का राखावा? अलीकडे यंत्रे लावून ओढा खोल करण्याचाच उत्साह पुष्कळ ठिकाणी दिसतो. माथा तसाच उघडा राहतो, आणि वरून आलेली माती काही पावसाळ्यांत ती खोली पुन्हा भरून टाकते.

अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर काम माथ्यापासून केले, चराई व कुऱ्हाड यांवर बंदी घातली. पण त्याचबरोबर शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास आणि ऊस-केळी लावण्यासही मनाई केली. हा दुसरा भागच मला अधिक मोलाचा वाटतो. त्याहून एक पाऊल पुढे विलासराव साळुंखे गेले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची ४० एकर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली, उतारावर बांध घातले, वाहते पाणी अडविले. आणि त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम असे की, पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातील माणसांच्या संख्येवर मिळावे, तेही माणशी अर्ध्या एकरापुरते. उसाला ते देऊ नये. भूमिहीनासही वाटा असावा. आणि जमीन विकली गेली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाऊ नये.