एक टक्का पेशींची गोष्ट

सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, सरासरीसारखी गोड थाप दुसरी नाही. सरासरी रिस्पॉन्स टाइम झकास दिसतो आणि तिकडे शंभरातला एक युजर पान उघडायची वाट बघत बसलेला असतो. त्याला शोधायचं तर रिक्वेस्ट एकेक करूनच तपासावी लागते.

पेशींचंही तेच. पूर्वी लाखो पेशींचा आरएनए एकत्र करून वाचायचे. म्हणजे मिसळ मिक्सरमधून काढायची आणि मग त्यात मटकी किती होती ते ओळखायचं! २००९ साली एकाच पेशीतला आरएनए वाचता आला आणि चित्र बदललं.

सिस्टिक फायब्रोसिस घ्या. फुप्फुसात चिकट कफ साचत जाणारा आनुवंशिक आजार. त्यात बिघडणारं सीएफटीआर हे जनुक १९८९ सालीच सापडलं. पण श्वासनलिकेच्या अस्तरातल्या ज्या पेशीत ते सर्वात जोरात चालतं, ती आयोनोसाइट सापडायला २०१८ उजाडलं. शंभरात जेमतेम एक, त्यामुळे सरासरीत विरघळून गेलेली.

मग करा की ही तपासणी प्रत्येक पेशंटची! मला हे पटत नाही. याच आजारावर २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालेलं ट्रायकाफ्टा बिघडलेल्या प्रथिनालाच ताळ्यावर आणतं. ते शोधायला आयोनोसाइट लागली नाही. शिवाय एका पेशीतला सगळा आरएनए हाती येत नाही. रिपोर्टमधलं शून्य म्हणजे 'नाहीच' की 'निसटलं'? संशोधक हजारो पेशी बघून सावरून घेतो. पण डॉक्टरने समोर बसलेल्या आईबापांना काय सांगायचं?

आम्ही डीबगर प्रॉडक्शनवर चालवत नाही. त्याने दोष हुडकतो, आणि मग नेमका तेवढा आकडा रोज मोजतो. इथेही तसंच व्हावं. रक्ताच्या कर्करोगात उपचारानंतर उरलेल्या पेशी फ्लो सायटोमेट्रीने शोधतात. तीसुद्धा पेशी एकेक करूनच बघते, पण मोजक्या खुणांवरून. दहा हजारांत उरलेली एक पेशीही तिला सापडते आणि त्यावरून पुढचे उपचार ठरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे होतं. कुठल्या खुणा बघायच्या हे नव्या तंत्राने शोधावं, पेशंटच्या वाट्याला मात्र छोटी चाचणीच यावी.

तेव्हा कुणी असली महागडी तपासणी सुचवली, तर एकच विचारा: या रिपोर्टने माझे उपचार बदलणार आहेत का? नसतील, तर ते संशोधन झालं. आणि संशोधनाचं बिल पेशंटने का भरायचं?