ॲपला कळलं नाही, म्हणजे चुकलं?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी होस्टेलच्या गच्चीवर रोज रात्री मोबाईलशी इंग्रजी बोलायचो. ‘वॉटर’ म्हटलं की स्क्रीन लाल. माझा परभणीचा ‘ट’ ॲपला पटायचा नाही. महिनाभरात स्कोअर वाढला आणि बोलणं आटलं. कॅम्पस इंटरव्ह्यूत उत्तर यायचं, पण लाल झालेला एखादा शब्द वाटेत आला की मी वाक्यच गिळायचो.

आता मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे त्या लाल रंगामागचं गणित कळतं. विट आणि यंग यांनी २००० साली मांडलेली ‘गुडनेस ऑफ प्रोनन्सिएशन’ ही पद्धत आजही वापरात आहे. तुमच्या बोलण्याचे ध्वनींनुसार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा मॉडेलने शिकलेल्या ध्वनीशी किती जुळतो ते मोजायचं. मॉडेलने अमेरिकन आवाजच ऐकले असतील, तर ‘वेगळं’ आणि ‘चूक’ एकच होतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं: डेटा वाढवा. बरं, बघू. ‘स्पीचओशन७६२’ या खुल्या डेटासेटमध्ये २५० जणांची ५,००० वाक्यं आहेत. सगळ्यांची मातृभाषा मँडरिन. ‘एल२-आर्क्टिक’मध्ये सहा भाषांचे २४ जण, त्यात हिंदी आहे, मराठी नाही. आणि इंग्रजी मातृभाषा असूनही सुटका नाही: २०२०च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणांनी गोऱ्यांचे शंभरातले सरासरी १९ शब्द चुकीचे ऐकले, कृष्णवर्णीयांचे ३५.

पण मराठी आवाज भरले तरी माझं भांडण मिटत नाही. मुळात मोजायचं काय, हेच चुकलंय. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की उच्चाराची ढब जड असली तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. तरी आपण ढबच मोजत बसलोय, कारण ती मोजायला सोपी.

ॲप हसत नाही, रात्री अकरालाही ऐकतं, हे मला मान्य आहे. वर्गात तोंड न उघडणाऱ्या पोरासाठी ती मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्याने त्या पोराला गप्प करू नये. ‘तुझा ट चुकला’ म्हणण्याआधी त्याने एवढंच तपासावं: समोरच्या माणसाला कळलं का?

इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना माझं कळलं होतं. नोकरी लागली. शंका फक्त मला होती, आणि ती त्या लाल स्क्रीनने घातली होती.